म्हैस विण्याच्या रात्री: काय बघायचं, कधी हात लावायचा, कधी फोन करायचा

गणपती उठले की आमच्या घरात फळीवरची एक वही खाली निघते. जुनी, शेणाच्या बोटांची, दोऱ्याला पेन बांधलेली. तिच्या पहिल्या पानावर प्रत्येक म्हैस कधी भरवली ती तारीख असते, आणि पुढच्या पानांवर रात्रीच्या वेळा. म्हशी दिवस लहान व्हायला लागले की माजावर येतात, म्हणजे बहुतेक दसरा-दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत. त्यानंतर दहा महिने मोजले की विण्याचा हंगाम येतो तो ऑगस्ट ते डिसेंबर. करवीर तालुक्यात आमची ऊसशेती. पुढे त्यातच कारखाने सुरू होतात, ऊसतोड येते आणि मोटारीची लाईट रात्रपाळीला असते. घरातली माणसं तीच, आणि रात्र एकच.

या वीस वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी शिकवलेलं त्यात पुष्कळ आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, आणि एक म्हैस गमावून कळलेलंही आहे. गोठ्यात जागायचं ते ओढायला नव्हे. जागायचं ते नेमकी वेळ कळावी म्हणून. कधी काय दिसलं हे ज्याला सांगता येतं, त्याचीच म्हैस वेळेत सुटते.

तारीख आधी पक्की करा

गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० च्या आसपास. आत्ती सांगतात तसं, गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस. म्हैस १ जानेवारीला भरवली असेल तर ७ नोव्हेंबरच्या आगेमागे धरा. चार-आठ दिवस इकडेतिकडे होतात, म्हणून आम्ही तारखेच्या बारा दिवस आधीपासून पाळत ठेवतो.

तारखेआधी दोन महिने म्हैस आटवलीच पाहिजे. दूध चालू आहे म्हणून काढत राहिलं तर पुढच्या वेताचं दूध आणि चीक दोन्ही मार खातात. ऊसपट्ट्यातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळतो म्हणून नुसतं तेच घालू नका. वाड्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि त्याची किंमत म्हैस व्याल्यावर कळते. कडबा, हिरवी वैरण, थोडं वाडं, असं मिसळून द्या.

जागा आणि सामान

गोठ्याचा एक कोपरा मोकळा करा, साधारण दहा बाय बारा फूट. जमीन मातीची किंवा मुरमाची हवी. गुळगुळीत कोबा असेल तर त्यावर सुकं पाचट किंवा पेंढा जाड पसरा. पाय घसरलेली गाभण म्हैस हा फार मोठा धोका आहे, का ते पुढे येईलच. दावं लांब ठेवा, तिला पूर्ण आडवं होता आलं पाहिजे. मागची बाजू उताराकडे येऊ देऊ नका. शेवटच्या महिन्यात तळ्यात किंवा नदीत डुंबायला सोडू नका, घरीच पाणी मारा.

सामान एका झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा कुणी दुसऱ्या कामाला उघडायचा नाही. चार्जिंगची बॅटरी, खांद्यापर्यंत येणारे प्लॅस्टिकचे हातमोजे, अंगाचा साबण, टिंक्चर आयोडीन, नवं ब्लेड, जाड सुती दोरा, थर्मामीटर, लिक्विड पॅराफिनची बाटली, उकळून वाळवलेल्या दोन मऊ सुती दोऱ्या, धुतलेली चार गोणपाटं. डब्याच्या झाकणावर आतून खडूने आपल्या पशुवैद्यकाचा नंबर आणि १९६२ लिहा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर आहे. मध्यरात्री कोण येऊ शकतं, हे मात्र दिवसाउजेडीच विचारून ठेवा. गाभण जनावर कुठल्या तारखेला आहे हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं असेल तर रात्रीचा फोन त्यांनाही अनपेक्षित नसतो.

हातात बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काही नको. नखं कापलेली हवीत. माझ्या हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या हंगामाच्या दिवसांत देवघरात असतात, आणि आत्तींनीच त्या काढायला लावल्या.

आज रात्री की उद्या?

पंधरा दिवस आधी कास भरायला लागते. पहिलारू वगारीत, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या तरुण म्हशीत, तर महिनाभर आधीच. निरण, म्हणजे योनीचं बाहेरचं तोंड, सुजते, सैल होते. ही सगळी जवळ आल्याची खूण आहे, आजची नव्हे. आजची खूण शेपटीच्या बुडाशी असते. तिथे दोन्ही बाजूंना जो ताठ पट्टा हाताला लागतो, तो ढिला पडतो आणि खळगे पडतात. रोज संध्याकाळी धारेच्या वेळी तिथे हात फिरवायची सवय ठेवा, म्हणजे बदल हातालाच कळतो. सड चिकाने टचटचीत होतात, त्यांवर मेण लावल्यासारखी चकाकी येते. निरणेतून काचेसारखा चिकट स्राव लोंबतो.

थर्मामीटर वापरत असाल तर रोज एकाच वेळी ताप बघा. विण्याआधीच्या बारा ते चोवीस तासांत अंगाची उष्णता अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने उतरते. आदल्या चार दिवसांचे आकडे वहीत असतील तरच हे कळतं, एकट्या आकड्यावरून काही कळत नाही.

चाऱ्याची एक युक्ती सांगते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाने १९७० च्या दशकात बघितलं की गाभण गाईंना मुख्य चारा रात्री उशिरा घातला तर जास्त वासरं दिवसा जन्मतात. ते निरीक्षण मांसासाठी पाळलेल्या गाईंवरचं आहे, म्हशीची खात्री मी देणार नाही. पण आम्ही शेवटचे तीन आठवडे मोठी वैरण रात्री नऊ-साडेनऊला घालतो. खर्च काही नाही, आणि माझ्या वहीतल्या पहाटेनंतरच्या नोंदी वाढलेल्या दिसतात.

पाळ्या लावा

एकाच माणसाने चार रात्री जागायच्या आणि पाचव्या रात्री झोपेत म्हैस अडायची, हे मी शेजारच्या गोठ्यात बघितलंय. आमच्यात पहिली पाळी नऊ ते एक, दुसरी एक ते पाच. खुणा नसतील तर दर दोन तासांनी एक फेरी. खळगे पडले, की दर अर्ध्या तासाने. गजर मोबाईलवर लावा आणि मोबाईल अंथरुणापासून लांब ठेवा. आता पुष्कळ जण गोठ्यात कॅमेरा बसवतात, घरातूनच मोबाईलवर दिसतं. माझ्या मते हा पैसा वाया जात नाही, कारण माणसाच्या सततच्या येण्याजाण्याने म्हैस बिचकते आणि कळा लांबवते.

बसायचं ते तिच्या नजरेआड. दिवा मंद. शेजारपाजारची माणसं, मुलं, कुत्री कुणी नको. पायात बूट घाला, पाचटात हात घालण्याआधी बॅटरी मारा. उसाच्या रानाला लागून गोठा असेल तर घोणस येतेच.

तीन टप्पे आणि घड्याळ

पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचं तोंड उघडतं. म्हैस चारा सोडते, उठबस करते, शेपटी उचलून धरते, थोडं थोडं मुतते, मागे वळून पोटाकडे बघते. दोन ते सहा तास जातात, पहिलारूला बारा तासही लागतात. यात आपलं काम फक्त लिहिण्याचं.

दुसरा टप्पा पाणमोट, म्हणजे पारडाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसल्यापासून. आधी व्यालेल्या म्हशीचं पारडू यानंतर अर्ध्या-एक तासात बाहेर येतं. पाणमोट हाताने फोडू नका. ती वाट ओली करते आणि रुंद करते. तिसरा टप्पा वार पडण्याचा, आठ ते बारा तासांपर्यंत.

वहीतलं गेल्या हंगामातलं एक पान तसंच उतरवते:

९.४० शेपटी वर, चारा सोडला. १०.१५ बसली, उठली, बसली. ११.०५ पाणमोट. ११.२० फुटली, पाणी स्वच्छ. ११.३५ दोन खूर, तळवे खाली. ११.५० नाक, जीभ हलतेय. १२.०५ रेडी. १२.४० पहिला चीक. ५.१० वार पडली, पूर्ण.

विनासायास विणं असं दिसतं. यात माझा हात कुठेच लागला नाही.

खूर वाचायला शिका

पारडू सरळ असेल तर पुढचे दोन पाय आधी येतात, एक जरासा पुढे, खुरांचे तळवे जमिनीकडे, आणि त्या पायांवर टेकवलेलं नाक. तळवे आभाळाकडे असतील तर बहुधा ते मागचे पाय असतात, नाहीतर पारडू उताणं फिरलेलं असतं. पाय कुठला हे सांध्यांवरून ओळखा. खुरापासून वर जाताना पहिले दोन सांधे एकाच दिशेला दुमडत असतील तर पुढचा पाय, उलटसुलट दुमडत असतील तर मागचा.

एकच पाय दिसतोय, दोन पाय आलेत पण नाक नाही, नुसतं डोकं आलंय, नुसती शेपटी लागतेय, पाणी पिवळं-तपकिरी किंवा घाण वासाचं आहे: यांतलं काहीही दिसलं की लगेच फोन. सगळं सरळ दिसत असूनही पाणमोट फुटल्यावर तासभर म्हैस जोर लावतेय आणि काही पुढे सरकत नाही, तरी फोन. पहिलारूला दीड तास द्या, त्याहून जास्त नको. फोनवर रडगाणं नको, वही उघडा आणि वेळा वाचा. वेत कितवं, पाणमोट किती वाजता, काय दिसतंय, एवढ्यावर डॉक्टर काय सामान आणायचं ते ठरवतात.

सरळ आलेलं पारडू थोडक्यात अडलं असेल तरच ओढायला मदत करा. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, मोजे घाला, लिक्विड पॅराफिन भरपूर लावा. दोरी खुराच्या वरच्या सांध्याच्या वर बांधा, आणि एक आढा सांध्याखाली घ्या, म्हणजे जोर एका जागी येत नाही. म्हैस जोर लावेल तेव्हाच ओढा, ती थांबली की तुम्ही थांबा. आधी एक पाय, मग दुसरा, आळीपाळीने, म्हणजे खांदे तिरके होऊन सुटतात. डोकं बाहेर आलं की ओढ खाली, तिच्या मागच्या गुडघ्यांकडे. दोन माणसांच्या हाताने येत नसेल तर ते ओढून येणारं नाही. चार-सहा माणसं दोरीला लावून वाट फाटलेल्या, मागचे पाय लुळे पडलेल्या म्हशी गावोगाव सापडतात.

आणि मेडिकलमधून कळांचं इंजेक्शन आणून परस्पर देऊ नका. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसेल किंवा गर्भाशयाला पीळ पडला असेल तर त्या जोराने गर्भाशय फाटतं.

पीळ: म्हशीचा सगळ्यात फसवा आजार

चंद्री आमची चौथ्या वेताची पंढरपुरी म्हैस. लांब तलवारीसारखी शिंगं, धारेला शांत. त्या संध्याकाळी तिने चारा सोडला, पोटाला लाथा मारायला लागली, उठबस सुरू झाली. आम्ही गोणपाटं काढली, पाणी तापवलं. दहा वाजले, अकरा वाजले, पाणमोट दिसली नाही. साडेबाराला ती निवांत उभी राहिली, थोडी वैरणही चघळली. आम्ही म्हटलं, कळा थांबल्या, सकाळी विईल. झोपलो. सकाळी भरलेली कास सैल झालेली होती. डॉक्टरांनी हात घालून बघितलं आणि म्हणाले, पीळ आहे, कालपासूनचा. पीळ सोडवला, पारडू मेलेलं निघालं. चौथ्या दिवशी चंद्री गेली. आत्ती दोन दिवस गोठ्यात आल्या नाहीत. वेळा लिहायची वही त्या आठवड्यात सुरू झाली.

गर्भाशय आपल्याच आसाभोवती फिरलं की वाट पिळलेल्या पिशवीच्या तोंडासारखी बंद होते. गाईपेक्षा म्हशीत हे पुष्कळ जास्त घडतं. घसरणं, डुंबताना लोळणं, जनावरांची धडक अशी कारणं सांगतात. पारडू वाटेत येतच नाही, म्हणून पाणमोट दिसत नाही आणि म्हैस जोरही लावत नाही. निरण कधी आत ओढल्यासारखी, एका बाजूला तिरकी दिसते. रक्त कोंडून गर्भाशय सुजत जातं आणि तासातासाला वाचायची आशा कमी होते.

म्हणून हे भिंतीवर लिहून ठेवा: कळांची लक्षणं सुरू होऊन सहा तास झाले आणि पाणमोट नाही, किंवा लक्षणं सुरू होऊन मध्येच बंद पडली, तर सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टर म्हशीला आडवं पाडतात, पोटावर लांब फळी ठेवून एक माणूस तिच्यावर उभा राहतो, आणि पिळाच्या दिशेनेच म्हैस लोळवतात. आतलं ओझं फळीने जागेवर धरून बाहेरचं अंग फिरवायचं, हे त्यातलं तत्त्व. दिशा चुकली तर पीळ वाढतो, म्हणून हे घरच्या घरी करायचं काम नाही. आपण माणसं, दोर, फळी आणि मऊ मोकळी जागा तयार ठेवायची.

पारडू जमिनीवर आलं

नाकातोंडातला चिकटा बोटाने काढा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा, छाती गोणपाटाने जोरात चोळा. मग म्हशीपुढे ठेवा, चाटू द्या. नाळ पोटापासून दोन इंच ठेवून दोऱ्याने बांधा, खाली नव्या ब्लेडने कापा, आणि उरलेला भाग टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. नुसता कापूस फिरवून भागत नाही. दिवसातून दोनदा, तीन दिवस.

आता चीक. आमच्या भागात अजून म्हणतात, वार पडल्याशिवाय पाजायचं नाही. माझ्या सासरीही हेच होतं. पण पारडाच्या अंगात रोगाशी लढायची ताकद चिकातूनच येते आणि ती शोषायची आतड्याची क्षमता तासातासाने घटत चोवीस तासांत संपते. वार पडायला बारा तास लागले तर तेवढा वेळ गेलाच. उलट पारडू ओढायला लागलं की म्हशीच्या अंगात जो संप्रेरक सुटतो, त्यानेच गर्भाशय आवळून वार पडायला मदत होते. आत्तींना हे पटायला दोन हंगाम गेले. आता त्याच पारडाला धरून सडाशी लावतात. पहिल्या तासात लिटर-दीड लिटर आणि चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या पारडाला तीन लिटर. खरवस त्यानंतर जे उरेल त्याचा.

रेडा झाला म्हणून चीक तोडू नका, तोही जीवच आहे. म्हशीच्या दुधातून गोल कृमी पारडात उतरतात, तेव्हा दहाव्या-बाराव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या.

वार, आणि म्हशीवर तीन दिवस नजर

व्याल्यावर तिला कोमट पाण्यात गूळ घालून द्या, मग कोवळी वैरण. पेंडीचा मारा पहिल्या दिवशी नको. वार लोंबत असेल तर ओढू नका, तिला वीट-दगड बांधू नका. बारा तास उलटले तर डॉक्टर. पडलेली वार म्हशीला खाऊ देऊ नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि उचलायची ती मोजे घालूनच. ब्रुसेला हा रोग वारेतून आणि स्रावातून माणसाला लागतो, महिनोन् महिने ताप आणि सांधेदुखी मागे लागते. घरात गरोदर बाई असेल तर तिला या रात्री गोठ्यात बोलवू नका. रेडी झाली असेल तर तिला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदा टोचून घ्या. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यामार्फत मिळते.

व्याल्यावर मायांग बाहेर आलं, लाल मोठा गोळा लोंबताना दिसला, तर स्वच्छ चादर ओली करून खालून धरा, माती, कावळे, कुत्री लागू देऊ नका आणि ताबडतोब फोन करा.

पुढचे तीन दिवस दुग्धज्वराचे. नावात ज्वर असला तरी अंग गार पडतं. कान थंड, म्हैस बसून राहते, मान वळवून पोटावर टेकते. जास्त दुधाच्या, तिसऱ्या वेतापुढच्या म्हशींना हा धोका जास्त. पहिल्या दिवशी कास पूर्ण पिळून घेऊ नका. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरच देतात, हळूहळू. पडलेल्या म्हशीच्या तोंडात बाटलीने काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तोवर तिला छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना पाचटाच्या पेंढ्या लावून.

वार पडल्याची वेळ लिहिली की पाळी बदलते. दुसरा माणूस गोठ्यात येऊन बसतो आणि आधीचा अंगावर पाणी घेऊन झोपायला जातो. कपडे मात्र आधी गरम पाण्यात, घरातल्या कपड्यांपासून वेगळे.